ब्लूटूथ जोडलं, मग आवाज गेला कुठं? बोर्डवर काम करताना या चुका टाळा

परवा एका पोरानं तीन दिवसांत एकच मेमरी कार्ड सात वेळा पुसून नव्यानं लिहिलं. सातव्यांदाही तेच. रास्पबेरी पायला (तळहाताएवढा लिनक्स संगणक, पुढं नुसतं 'पाय') स्पीकर पेअर झाला, क्षणभर 'कनेक्टेड' दिसलं आणि तुटलं. मग रात्री साडेदहाला मला फोन, "सर, बोर्डच खराब लागलाय." बोर्ड धडधाकट होता. एक पॅकेज बसवायचं राहिलं होतं, आणि ते सातही वेळा राहिलं होतं.

परभणीत राहून पोरांचे प्रोजेक्ट निस्तरण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. लिनक्स बोर्डवरून ब्लूटूथनं आवाज वाजवणं हा त्यातला ठरलेला रडगाण्याचा विषय. चुकाही ठरलेल्या. त्यातल्या काही इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की "आधी हे वाच" म्हणता येईल. आज्ञा मुद्दाम देवनागरीत लिहिल्यात. आयत्या उचलून चिकटवणाऱ्यांची गैरसोय होईल, ती होऊ द्या. हातानं टंकलं की निदान आपण काय टंकतोय हे तरी वाचलं जातं.

कार्ड पुसणं हा उपाय नाही

कार्ड नव्यानं लिहिलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण घोडं कुठं पेंड खात होतं याचा पुरावाही त्याच कार्डावर असतो, तो पुसला जातो. फोनमधलं गाणं बोर्डवरून स्पीकरात पोचेपर्यंत मध्ये बरेच जण असतात. ब्लूटूथची चिप, चिपचं फर्मवेअर, कर्नलमधला ड्रायव्हर, ब्लूटूथडी नावाची सेवा, साउंड सर्व्हर (कुणाचा आवाज कुठं जायचा हे बघणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ पल्सऑडिओ किंवा पाइपवायर), मग अल्सा (लिनक्सची आवाजाची मूळ यंत्रणा) आणि शेवटी जॅक किंवा डॅक (डिजिटल आवाज स्पीकरजोगा करणारी पट्टी). यातलं कुणीही रुसलं तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं, ते म्हणजे शांतता.

माझी सवय अशी. सगळ्यात आधी ब्लूटूथ विसरायचं आणि 'स्पीकर-टेस्ट' चालवून जॅकमधून नुसता खरखराट येतो का बघायचं. तो येत नसेल तर ब्लूटूथला शिव्या देण्यात अर्थ नाही. मग 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ब्लूटूथच्या ओळी वाचायच्या. पायवर ब्रॉडकॉमची चिप असते आणि तिला एचसीडी एक्स्टेन्शनची फर्मवेअर फाइल लागते. ती सापडली नाही तर कर्नल तसं स्पष्ट सांगतो. मग 'ब्लूटूथसीटीएल शो'. त्यात 'ऑडिओ सिंक' किंवा 'ऑडिओ सोर्स' यांच्या ओळीच नसतील, तर साउंड सर्व्हरनं ब्लूटूथपाशी नावनोंदणीच केलेली नाही असं समजायचं.

त्या सात वेळावाल्याचं हेच झालं होतं. त्याला दर वेळी 'बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल' असा निरोप येत होता. जुन्या आवृत्त्यांत याच ठिकाणी 'प्रोटोकॉल नॉट अव्हेलेबल' यायचं. दोन्हीचा अर्थ एकच. दारात पाहुणा आलाय, पण त्याला आत घ्यायला घरात कुणी नाही. पाइपवायर असेल तर डेबियनमध्ये (पायची ओएस याच लिनक्सवर बेतलीय) त्याचा ब्लूटूथचा भाग 'लिबस्पा-०.२-ब्लूटूथ' नावाच्या वेगळ्या पॅकेजात येतो, पल्सऑडिओ असेल तर 'पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ' बसवावं लागतं. दोन मिनिटांचं काम. त्यापायी तीन दिवस गेले.

एका मळ्याला तीन सालगडी

दुसरी लाडकी चूक. आवाज येत नाही म्हणून पल्सऑडिओ बसवायचं. त्यानंही नाही आला तर ब्लूअल्सा बसवायचं. पाइपवायर तर आधीपासून आहेच. आता तिघंही ब्लूटूथडीला सांगणार, "येणारा आवाज माझ्याकडं दे." एका मळ्यावर तीन सालगडी ठेवले आणि कामं वाटून दिली नाहीत, तर रात्रीची मोटर चालू करायला कोण उठतं? कधी एक उठतो, कधी दुसरा, कधी कुणीच नाही. म्हणून असल्या बोर्डवर आवाज 'कधी येतो, कधी येत नाही' अशी तक्रार असते.

हा गोंधळ का होतो हेही ऐका. लिनक्सवर ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ब्लूझेडची पाचवी आवृत्ती २०१२च्या डिसेंबरात आली आणि तिनं अल्साशी असलेला थेट संबंध तोडला. आवाज ज्याचा त्यानं सांभाळावा, मी फक्त जोडणी करून देतो, असं धोरण. मग ती जागा पल्सऑडिओनं घेतली, थेट अल्साच हवं असलेल्यांसाठी ब्लूअल्सा आलं, आणि २०२३मध्ये डेबियन १२वर आधारलेल्या रास्पबेरी पाय ओएसनं पाइपवायर घेतलं. म्हणजे तुम्ही वाचताय तो मार्गदर्शक लेख कोणत्या साली लिहिलाय यावर तो खरा की खोटा हे ठरतं. पोरं २०१६चा लेख उघडतात, त्यातल्या निम्म्या आज्ञा चालत नाहीत, मग उरलेल्या निम्म्या २०२०च्या लेखातून घेतात. लेखाची तारीख बघायला किती वेळ लागतो?

एकच ठेवा, बाकीचे काढा. नुसते बंद नका करू, काढाच. 'एचसीआयअटॅच', 'एचसीआयकॉन्फिग', 'एचसीआयटूल' ही नावं जिथं दिसतील तो लेख जुना समजा. ती अवजारं ब्लूझेडवाल्यांनीच कधीची मोडीत काढलीत.

मोटर कोणती आणि सरी कोणती

सोर्स आणि सिंक यांत हुशार पोरंही अडखळतात. विहिरीवरची मोटर म्हणजे सोर्स, सरी म्हणजे सिंक. फोनमधलं गाणं बोर्डवर वाजवायचं असेल तर फोन मोटर आणि बोर्ड सरी. बोर्डवरचं गाणं ब्लूटूथ स्पीकरवर पाठवायचं असेल तर बोर्ड मोटर. एवढं सोपं आहे. पण साउंड सर्व्हरच्या यादीत जे प्रोफाइल दिसतं त्याचं नाव समोरच्या उपकरणाच्या भूमिकेवरून असतं. स्पीकर जोडला की 'एटूडीपी सिंक' दिसतं (एटूडीपी म्हणजे ब्लूटूथवरून गाणी पाठवायची पद्धत), ते स्पीकर सरी आहे म्हणून. फोन जोडला की 'एटूडीपी सोर्स'. हे एकदा कागदावर लिहून बोर्डच्या डबीवर चिकटवा. मीही चिकटवलंय.

आणि आवाज येतो पण जुन्या लँडलाइनवरून बोलल्यासारखा येतो, तेव्हा प्रोफाइल 'हेडसेट'वर गेलेलं असतं. माइक हवा म्हणून ते फोनकॉलच्या दर्जावर उतरतं, म्हणजे बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. प्रोफाइल बदला. इक्वलायझर शोधत बसू नका.

सप्ताहातली गोष्ट

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ही चूक मी केली आणि त्यानंतर दहा जणांना करताना पाहिली.

गंगाखेडच्या पुढं एका गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. देवळाच्या अँप्लिफायरला ब्लूटूथ हवं होतं, म्हणजे पहाटे काकड्याच्या आधी पुजारीकाकांना आपल्या फोनवरचे अभंग लावता आले असते. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना रिसीव्हर मिळतो, पण त्यात काय मजा? मी जुना पाय ४ घेतला, रास्पबेरी पाय ओएसची 'लाइट', म्हणजे बिनडेस्कटॉपची आवृत्ती टाकली, पाइपवायर बसवलं, डबीत घातला. घरी दोन दिवस अखंड वाजवून बघितला. एकदाही तुटला नाही.

गावात नेऊन जोडला. पुजारीकाकांचा फोन पेअर केला, अभंग सुरू झाला, चार माणसं "वा" म्हणाली. मी 'एक्झिट' टंकलं, लॅपटॉप मिटला, मांडवाबाहेर येऊन चपला घालेपर्यंत आवाज बंद. परत आत. लॅपटॉप उघडला, एसएसएचनं (नेटवर्कवरून लॉगिन करून) बोर्डमध्ये शिरलो, सगळं ठीक. काकांनी पुन्हा जोडलं, अभंग सुरू. दहा मिनिटं बसलो, काही झालं नाही. लॅपटॉप मिटला, पायरी उतरलो, बंद.

असं तीनदा झाल्यावर सप्ताहाचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, तुमी इथंच बसा की. तुमी असलं की वाजतंय."

माणूस गमतीनं बोलला, पण निदान अचूक होतं. पाइपवायर हा सगळ्या यंत्रणेचा नोकर नसतो, तो लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या सेशनमध्ये चालतो. शेवटचं सेशन संपलं की सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा) दहाएक सेकंद थांबतो आणि त्या वापरकर्त्याच्या सगळ्या सेवा बंद करतो. चपला घालायला तेवढाच वेळ लागतो. घरी दोन दिवस वाजला याचं कारण माझी एसएसएचची खिडकी दोन दिवस उघडीच होती.

आता मला वाटलं, उत्तर सापडलं. 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' दिलं, म्हणजे कुणी लॉगिन नसलं तरी त्या वापरकर्त्याच्या सेवा चालू राहतात. गाणं लावलं, वाजलं. रात्र झाली होती, मी तसाच निघालो. अर्ध्या वाटेत फोन. "बंद पडलं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नासेक किलोमीटर मोटारसायकल. या वेळची गंमत अशी की बिघाड बघायला आत शिरलं की तो नाहीसा व्हायचा. लॉगिन केलं की चालू, बाहेर पडलं की बंद. तपासणाराच औषध झाला होता. शेवटी कार्डवरचा पुरावा कामाला आला. 'जर्नलसीटीएल'मध्ये, म्हणजे यंत्रणेच्या रोजनिशीत, ब्लूटूथ सेवेच्या नोंदी वेळेसकट वाचल्या. माझ्या प्रत्येक लॉगआउटपाशी 'एंडपॉइंट अनरजिस्टर्ड' अशा ओळींची रांग, आणि प्रत्येक लॉगिनपाशी 'रजिस्टर्ड'. पाइपवायर जिवंत होता, पण त्याचा कारभार बघणारा वायरप्लंबर ब्लूटूथ सोडून देत होता.

कारण असं. एका संगणकावर दोन माणसं लॉगिन असतील तर ब्लूटूथ हेडफोन कुणाचा, हा प्रश्न सोडवण्यासाठी वायरप्लंबर बघतो की कोणता वापरकर्ता 'अॅक्टिव्ह' आहे. एसएसएचनं शिरलेला माणूस अॅक्टिव्ह धरला जातो. नुसता लिंगरवर जगणारा धरला जात नाही. घरातल्या लॅपटॉपसाठी हे शहाणपणाचं आहे, देवळातल्या डबीसाठी नाही. वायरप्लंबर ०.४ असेल तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये 'विथ-लॉगइनडी' फॉल्स करायचं. ०.५ असेल तर प्रोफाइलमध्ये 'मॉनिटर डॉट ब्लूझेड डॉट सीट-मॉनिटरिंग' डिसेबल्ड करायचं. आधी आपली आवृत्ती बघा, कारण ०.४ची सेटिंग लुआ या भाषेत लिहायची होती आणि ०.५मध्ये पद्धतच बदलली. चुकीच्या जागी लिहिलेली सेटिंग कुणी वाचतच नाही आणि चूक झाली असंही सांगत नाही.

बदल केला, बोर्ड पूर्ण बंद करून चालू केला, लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. पुजारीकाकांनी जोडलं, वाजलं. मी पंगतीत बसलो, जेवलो, हात धुतले, तरी वाजतच होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. जे उपकरण एकटं राहणार आहे त्याची परीक्षा त्याला एकटं ठेवूनच घ्यायची. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, एसएसएच नाही. फक्त वीज द्यायची आणि फोन घेऊन दूर उभं राहायचं. आणि खरं सांगू का, असल्या एकाच कामाच्या डबीसाठी आता मी पाइपवायर वापरतच नाही. ब्लूअल्सा बसवतो. ते यंत्रणेची सेवा म्हणून चालतं, लॉगिनशी त्याला घेणंदेणं नाही, आणि 'ब्लूअल्सा-एप्ले' आलेला आवाज सरळ अल्साला देतं. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत. घालू द्या.

चार्जर मोबाइलचा, तक्रार ब्लूटूथची

जोरात वाजवलं की आवाज तुटतो, हळू वाजवलं की तुटत नाही. हे ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारतो, अँप्लिफायरला वीज कुठून दिलीस? उत्तर बहुतेक वेळा असं की पीएएम८४०३ची चिमुकली अँप्लिफायर पट्टी बोर्डच्याच ५ व्होल्टच्या पिनेवर जोडलीय, आणि बोर्ड घरात सापडलेल्या मोबाइल चार्जरवर आहे. पखवाजाची थाप पडली की पट्टी एकदम करंट ओढते, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय 'अंडरव्होल्टेज'ची नोंद करून आपला वेग कमी करतो. पोरगं मात्र कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) बदलत बसतं.

'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. उत्तर शून्य आलं तर वीज ठीक. ५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी वीज कमी पडून वेग उतरला होता, ५०००५ आलं तर आत्ताही पडतेय. पाय ४ला ३ अँपिअरचा खरा अडॅप्टर लागतो, चार्जरवर नुसतं छापलेलं असून भागत नाही. अँप्लिफायरला वेगळी वीज द्या, ग्राउंड एक ठेवा. आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही म्हणून पॉवरबँकवर चालवणारेही असतात, त्यांनी आधी केबल बदलून बघावी. लांब आणि स्वस्त केबल हा निम्म्या दुखण्यांचा बाप आहे.

डबा पत्र्याचा

एकानं फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची सुंदर पेटी करून आणली, रंगही दिला, आत बोर्ड बसवला आणि मग म्हणाला, रेंज हातभरच मिळते. पायचा अँटेना बोर्डवरच असतो आणि चारी बाजूंनी पत्रा म्हणजे त्याचं तोंड बांधणं. वर मे महिन्यात ती पेटी पत्र्याच्याच शेडमध्ये टांगलेली, म्हणजे बोर्ड तापून आणखी मंद. प्लॅस्टिकची डबी घ्या.

अडखळत वाजण्याचं दुसरं मोठं कारण वायफाय. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि त्याच पट्ट्यात तुमचं वायफायही आहे. पायवर तर दोन्ही एकाच चिपमधून जातात. नेहमीच्या एसबीसी कोडेकला चांगल्या दर्जातही सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट पुरतात, त्यामुळं ब्लूटूथचा वेग कमी पडत नाही, हवेत जागा मिळत नाही. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. पहिला पाय ३ असेल तर त्याला ती सोय नाही, सरळ इथरनेटची वायर लावा. पाय ४च्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात एसएसडी खोचली असेल तर तीही याच पट्ट्यात गोंगाट करते, लांब केबलनं बाजूला ठेवा.

उरलेलं सुरलेलं

'सॅप ड्रायव्हर' सुरू झाला नाही, ही लाल ओळ मला पाठवू नका. तिचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. ब्लूटूथ अॅडॉप्टर चालूच होत नसेल तर 'आरएफकिल'नं रेडिओच बंद केलेला नाही ना ते बघा. बोर्ड फोनला दिसायचा बंद झाला तर घाबरू नका, डिस्कव्हरेबल राहण्याची मुदत मुळातच १८० सेकंदांची असते. सुडो लावून वाजवाल तर रूटला तुमच्या सेशनचा स्पीकर दिसणार नाही. शंभर रुपयांच्या यूएसबी डोंगलवर सीएसआर (चिप बनवणारी कंपनी) लिहिलेलं असलं तरी ती बहुतेक नक्कल असते, आणि असल्या नकलांसाठी कर्नलमध्ये खास पळवाटा लिहून ठेवाव्या लागल्यात यातच काय ते आलं. यॉक्टो किंवा बिल्डरूटनं स्वतःची लिनक्स बांधणाऱ्यांनी कर्नलमध्ये बीआर-ईडीआर, म्हणजे क्लासिक ब्लूटूथ, चालू आहे ना ते बघावं. त्याशिवाय एटूडीपी नाही.

शेतीचे प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी एक. जीपीएस किंवा मातीच्या ओलाव्याचा सेन्सर सिरियल पोर्टवर जोडायला कुठल्यातरी लेखातून 'डिसेबल-बीटी' ही ओळ कॉन्फिग फाइलमध्ये टाकली जाते. पाय ३ आणि ४वर ब्लूटूथ चांगल्या यूआर्टवरच (यूआर्ट म्हणजे सिरियल पोर्टचं हार्डवेअर) बसलेलं असतं, आणि ही ओळ तो यूआर्ट ब्लूटूथकडून काढून घेते. मग चार महिन्यांनी ब्लूटूथ का दिसत नाही म्हणून शोध सुरू होतो. ओळीचं नाव तरी वाचायचं.

रोज नव्यानं पेअर करावं लागत असेल तर दोनच कारणं बघा. एक, 'पेअर' केलं पण 'ट्रस्ट' केलं नाही. दुसरं, लाइट गेल्यावर कार्ड खराब होऊ नये म्हणून फाइलसिस्टम रीड-ओन्ली केली. पेअरिंगच्या किल्ल्या व्हार-लिब-ब्लूटूथ या फोल्डरात लिहिल्या जातात, ते फोल्डर बोर्ड बंद होताच विसरलं जात असेल तर बोर्ड तरी काय करणार? तेवढं एक फोल्डर लिहिता येईल अशा वेगळ्या पार्टिशनवर ठेवा.

आणि याच्या उलटी चूक. पेअरिंगचा त्रास नको म्हणून डिस्कव्हरेबलची मुदत शून्य करायची, म्हणजे कायमची, आणि एजंट (पेअरिंगला होकार देणारा प्रोग्राम) 'नो-इनपुट-नो-आउटपुट' ठेवायचा, म्हणजे कुणीही यावं आणि न विचारता जोडून घ्यावं. मी देवळात तेच करून आलो होतो. सहाव्या दिवशी, कीर्तन सुरू व्हायच्या जरा आधी, मांडवातल्या कुण्या पोरानं आपला फोन जोडला आणि वरातीतलं गाणं लावलं. कर्णा चांगल्या कंपनीचा होता, शिवारात सगळीकडं ऐकू गेलं.

आता बोर्डच्या जीपीआयओ पिनेवर मी एक बटण लावतो. ते दाबलं तरच तीन मिनिटं नवा फोन जोडता येतो, एरवी पेअरेबल बंद. देवळातलं बटण कुठं बसवलंय हे फक्त पुजारीकाकांना ठाऊक आहे.